वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया: आधी आणि नंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅरिॲट्रिक सर्जरीच्या पेशंटबरोबर आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना जे प्रश्न रोज कानावर पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही पेशंट विचारतात, काही त्यांच्या सासूबाई, आणि काही प्रश्न केबिनचं दार लावल्यावरच बाहेर पडतात. शस्त्रक्रिया करायची की नाही आणि कोणती, हे सर्जन तुम्हाला तपासून सांगतील. पण नंतरची सगळी वर्षं स्वयंपाकघरात जातात, आणि निर्णय घेताना नेमका त्याच भागाचा विचार होत नाही. म्हणून इथे तिकडे झुकतं माप दिलं आहे.

ही शस्त्रक्रिया म्हणजे पोटावरची चरबी काढणंच ना?

नाही. चरबी शोषून काढतात ते लायपोसक्शन. ती शरीराला आकार देण्याची प्लास्टिक सर्जरी आहे, तिने मधुमेह किंवा घोरणं कमी होत नाही. बॅरिॲट्रिक सर्जरीत चरबीला हात लावत नाहीत. जठर लहान करतात, किंवा जठर लहान करून अन्नाचा आतड्यातला रस्ता बदलतात. दुर्बिणीतून, चार-पाच छोट्या छिद्रांतून होते.

जिभेवर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली असती का? हा शॉर्टकटच झाला ना?

हे बहुतेक वेळा सोबत आलेले नातेवाईक विचारतात, आणि पेशंट मान खाली घालून ऐकत असतो. ज्यांचं वजन चाळीस-पन्नास किलोंनी जास्त आहे त्यांनी डाएट केलेलं नसतं असं नाही. उलट, आयुष्यात सगळ्यात जास्त डाएट त्यांनीच केलेलं असतं. वजन उतरू लागलं की शरीर ते परत मिळवायच्या मागे लागतं. भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं, पोट भरल्याची जाणीव देणारी हार्मोन्स कमी होतात आणि बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जाही घटते. हे महिना-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं चालतं. शस्त्रक्रियेने हीच हार्मोन्स बदलतात, म्हणून तिचा उपयोग होतो. नुसतं जठर लहान झालं म्हणून नव्हे.

आयतं मात्र काही मिळत नाही. पुढचं वाचलंत की कळेल.

स्लीव्ह, बायपास, मिनी बायपास... नक्की फरक काय?

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा बाहेरच्या वळणाकडचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात. उरते केळ्याच्या आकाराची नळी. घ्रेलिन ज्या भागात जास्त तयार होतं तोच भाग निघून जातो, म्हणून सुरुवातीला भूक जवळजवळ लागतच नाही. आतड्याला धक्का नाही. पण काढलेलं जठर परत बसवता येत नाही, आणि ज्यांना आधीपासून तीव्र ॲसिडिटी आहे, घशाशी आंबट येतं, त्यांचा त्रास स्लीव्हने वाढू शकतो.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, फक्त अन्न तिथून जात नाही. जुनी ॲसिडिटी आणि मधुमेह असलेल्यांना याचा फायदा जास्त. त्या बदल्यात लोह, कॅल्शियम, बी-१२ कमी शोषलं जातं. मिनी बायपासमध्ये दोनऐवजी एकच जोड असतो, वेळ कमी लागतो आणि भारतात तो बराच केला जातो. त्यात वजन चांगलं उतरतं, पण आतड्याचा मोठा भाग वगळला जात असल्याने पोषणाची कमतरता जास्त गांभीर्याने घ्यावी लागते. शाकाहारी माणसाने मिनी बायपास ठरवण्याआधी आहारतज्ज्ञाशी तासभर बोलावं, असं मी आग्रहाने सांगते.

पोटात पट्टा बसवण्याची पद्धत आता मागे पडली आहे. जठरात सोडायचा फुगा ही शस्त्रक्रिया नव्हे; तो साधारण सहा महिन्यांनी काढतात आणि वजन परत येण्याची शक्यता मोठी.

माझं वजन ९० किलो आहे. मी यात बसते का?

नुसत्या किलोंवर ठरत नाही, उंची धरावी लागते. उंची १६० सेंटिमीटर असेल तर ९० किलोला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) ३५ येतो, १०२ किलोच्या आसपास ४०. २०२२ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ च्या वर इतर आजार नसले तरी शस्त्रक्रिया सुचवता येते. आपल्यासारख्या आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून आपल्यासाठी हा उंबरठा २७.५ पर्यंत खाली आणलेला आहे.

उंबरठा खाली आला म्हणजे प्रत्येकाने तो ओलांडायलाच हवा असं नाही. बीएमआय २९ आणि दुसरा काही आजार नाही, अशा माणसाने आधी बाकीचे सगळे रस्ते नीट धुंडाळावेत. याउलट बीएमआय ३८, इन्सुलिन चालू, रात्री श्वास अडकतो, गुडघे गेलेले, आणि तरी "पुढच्या दिवाळीपर्यंत बघू" म्हणणारे दरवर्षी भेटतात. तिथे थांबण्यालाच धोका जास्त.

विमा पैसे देतो का?

देतो, पण विम्याचा उंबरठा वेगळा आहे. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या अटींप्रमाणे वय १८ पूर्ण हवं, डॉक्टरांचा सल्ला हवा आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. ३५ च्या वर असेल तर सोबत गंभीर आजार लागतो: हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, आणि आधीचे साधे उपाय फसलेले असणं. म्हणजे डॉक्टर ज्याला "करा" म्हणतील त्याला विमा "नाही" म्हणू शकतो. पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधीही बघा. जुन्या डाएटची, जिमची, औषधांची कागदपत्रं जपून ठेवा, ती दाव्याच्या वेळी लागतात.

मुंबई-पुण्यात खासगी रुग्णालयात खर्च ढोबळमानाने तीन ते सहा लाखांच्या घरात जातो. त्यात पुढची प्रोटीन पावडर, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि दरवर्षीच्या रक्ततपासण्या धरलेल्या नसतात. त्या तुम्ही धरा.

आता तर वजनाची इंजेक्शनं आली आहेत. मग पोट कशाला कापायचं?

रास्त प्रश्न आहे. टिरझेपाटाइड (मौंजारो) मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं इंजेक्शन (वेगोव्ही) जून २०२५ मध्ये भारतात आलं. टिरझेपाटाइडच्या जास्तीत जास्त डोसवर चाचणीत सरासरी २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. हे थोडं नाही. स्लीव्हने साधारण २५ टक्के आणि बायपासने ३० टक्क्यांच्या आसपास उतरतं.

फरक थांबवल्यावर दिसतो. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आलं, असं चाचणीत दिसलं आहे. म्हणून "सहा महिने घेते आणि सोडते" हा हिशेब चुकतो. बीएमआय ३० च्या आसपास असेल तर मी आधी औषधाचा विचार करायला सांगेन. ४५ असेल तर शस्त्रक्रियेचा. आणि काहींना दोन्ही लागतात, त्यात कमीपणा नाही.

जिवाला धोका किती?

अनुभवी हातात मृत्यूचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या जवळपास. खरी भीती असते ती जोड किंवा स्टेपल मारून बंद केलेल्या जठराच्या कडेतून गळती होण्याची (शंभरात एखाद्याला), रक्तस्रावाची आणि पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याची. म्हणूनच ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी नर्स तुम्हाला उठवून चालायला लावते. रागावू नका तिच्यावर.

उशिरा होणाऱ्या त्रासांत पित्ताचे खडे येतात. वजन झपाट्याने उतरताना ते होतात आणि ते टाळायला बरेच सर्जन सहा महिने गोळी देतात.

ऑपरेशनआधी दोन आठवडे पातळ आहार का देतात?

लठ्ठपणात यकृतावर चरबी साचून ते सुजतं आणि नेमकं जठराच्या वर येऊन बसतं. कमी उष्मांकाच्या आहाराने ते आक्रसतं आणि सर्जनला जागा मिळते. "शेवटची म्हणून" आदल्या आठवड्यात बिर्याणी-मिसळ झोडणारे असतात. ऑपरेशन टेबलावर ते उघडं पडतं.

याच काळात तंबाखू सुटायला हवी. पुरुषांना सिगारेट-गुटख्याबद्दल विचारलं जातं, पण बायकांना मिश्रीबद्दल कुणी विचारत नाही आणि त्याही आपणहून सांगत नाहीत. मिश्री ही तंबाखूच आहे. जखम भरायला तिचा अडथळा होतो. तंबाखू ओढण्याने बायपासच्या जोडावर अल्सर होण्याचा धोकाही वाढतो. किमान सहा आठवडे आधी बंद, आणि परत सुरू करायची नाही.

कुणी थांबावं?

ज्यांना येत्या वर्षभरात मूल हवं आहे. ज्यांचं दारूचं व्यसन किंवा नैराश्य उपचाराविना आहे. जे रात्री उठून, लपून, पोट फुटेस्तोवर खातात आणि त्याबद्दल कुणाशी बोललेले नाहीत. यातलं काहीच कायमची मनाई नाही, क्रम बदलायचा आहे इतकंच: आधी ते, मग हे. मानसोपचारतज्ज्ञाची भेट ही फॉर्मवरची टिकमार्क नसते. तिथे खोटं बोललात तर नुकसान तुमचंच.

सर्जनना काय विचारू?

वर्षाला किती शस्त्रक्रिया करता, गळती झाली तर इथेच हाताळता की दुसरीकडे पाठवता, मला स्लीव्हच का किंवा बायपासच का, आणि एक वर्षानंतर माझा पाठपुरावा कोण करणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं मत घ्या. "या महिन्यात बुक केलं तर सवलत" असं कुणी म्हणालं, तर उठून या.

कामावर कधी जाता येईल?

दवाखान्यात दोन-तीन दिवस. बसून काम असेल तर साधारण दोन आठवड्यांनी. लोकलने उभं राहून जायचं असेल तर आणखी थोडे दिवस घ्या. सिलिंडर, पाण्याची कळशी, नातवंड... जड काहीही सहा आठवडे उचलायचं नाही. चालणं पहिल्या दिवसापासून.

पहिले दोन महिने खायचं काय?

प्रत्येक रुग्णालयाचा तक्ता थोडा वेगळा असतो, तुमच्याकडचा तोच पाळा. साधारण क्रम असा: पहिले एक-दोन दिवस पाणी, नारळपाणी, गाळलेलं डाळीचं पाणी. मग सुमारे दोन आठवडे सगळं पातळ: दूध, पातळ बिनमसाल्याचं ताक, गाळलेलं सूप, पाण्यात किंवा दुधात प्रोटीन पावडर. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं: मुगाची डाळ, दही, कुस्करलेलं पनीर, मऊ अंडं. त्यानंतर मऊ घास: इडली, वरण-मऊ भात, वाफवलेला मासा. साध्या जेवणावर यायला सहा ते आठ आठवडे लागतात. कोकणातल्या पेशंटना मी सांगते, मासा तुमचा मित्र. कोंबडीचा कोरडा तुकडा अडकतो, मासा अलगद उतरतो.

पाणी घोट-घोट, दिवसभरात दीड ते दोन लिटर. जेवताना नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. तांब्या तोंडाला लावून गटागटा पिण्याची सवय असलेल्यांना हेच सगळ्यात जड जातं. चहा काही आठवड्यांनी, बिनसाखरेचा.

आणि एक: पातळ आहाराच्या काळात तुमचं पोट भरतं, पण तुमच्या समोर घरातले पावभाजी खात असतात. पहिले पंधरा दिवस घराने थोडं जपावं. ही विनंती पेशंटच्या नवऱ्याला किंवा बायकोला आहे.

पोळीचा घास अडकतो, तोंडात फेस येतो. काही बिघडलंय का?

बहुधा नाही. पहिल्या काही महिन्यांत हे जवळपास सगळ्यांना एकदा तरी होतं. असं घडतं: डाळ-दही नीट उतरायला लागलेलं असतं, म्हणून एक दिवस पोळीचा चतकोर घेतला जातो. फोन वाजतो, दोन घास नेहमीच्या वेगाने गिळले जातात. मग छातीच्या मधोमध दुखायला लागतं, तोंडाला पाणी सुटतं आणि माणूस बेसिनशी वाकून उभा राहतो. उलटी अन्नाची नसते, नुसता पांढरा चिकट फेस. अर्ध्या-पाऊण तासाने घास सरकतो आणि सगळं शांत होतं.

त्या वेळी वरून पाणी प्यायलात तर त्रास वाढतो. उभे राहा, चाला, वाट पाहा. पोळी, पाव आणि चिकट भात यांचा लगदा होतो, म्हणून ते शेवटी. भाकरी ताकात कुस्करून घेतली तर बरी जाते. घास नखाएवढा, चमचा लहान मुलाचा, चावणं लगदा होईपर्यंत, आणि जेवण वीस-पंचवीस मिनिटांचं. पण पातळ पदार्थही उतरत नसतील, किंवा रोजच उलट्या होत असतील, तर तो जोड आवळल्याचा प्रकार असू शकतो. एंडोस्कोपी लागेल.

मी शाकाहारी आहे. प्रोटीन कुठून आणू?

दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम लागतं, आणि आपल्या वरण-भाताच्या ताटात ते नसतं. एका वाटी वरणात जेमतेम ६-७ ग्रॅम, तेही डाळ घट्ट असेल तर. कपभर दुधात तेवढंच. १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८. सोयाबीनच्या वड्यांत १०० ग्रॅम कोरड्या वजनाला ५० च्या पुढे, म्हणून त्या वाफवून, बारीक करून भाजीत घालायला शिका. अंडं चालत असेल तर एकात ६ ग्रॅम.

पहिले सहा महिने पावडरीशिवाय आकडा गाठता येत नाही. पावडर ही "जिमवाल्यांची" नव्हे, हा घरच्या मोठ्यांचा गैरसमज आधी काढा. जेवताना क्रम लावून घ्या: आधी पनीर, डाळ किंवा उसळ, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी. आपण नेमकं उलटं जेवतो.

गोळ्या किती वर्षं?

जन्मभर. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम (शक्यतो सिट्रेट), आणि पाळी चालू असलेल्या बायकांना लोह. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर चहा नको. तपासण्या तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी.

पहिल्या वर्षी सगळे येतात. दुसऱ्या वर्षापासून गर्दी विरळ होते, कारण बरं वाटत असतं. बी-१२ ची कमतरता हळूहळू येते, मुंग्या येणं, विसरणं, थकवा यांतून, आणि तोवर मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते.

दुखण्यावरच्या गोळ्यांचंही सांगून ठेवते. बायपासनंतर कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक परस्पर घ्यायची नाहीत, अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालते. दाताच्या डॉक्टरांनासुद्धा ऑपरेशनचं सांगा.

केस मुठी-मुठीने गळतायत!

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात. शरीरावर मोठा ताण आला की होतं तसं, बाळंतपणानंतरही होतंच. प्रोटीन, लोह आणि झिंक नीट असेल तर परत येतात. तेल बदलून काही होत नाही.

तिसऱ्या आठवड्यात काटा हलेनासा झाला. ऑपरेशन फसलं का?

नाही. सुरुवातीला शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) आणि त्याबरोबरचं पाणी जातं, म्हणून वजन भराभर उतरतं. मग शरीर पाणी धरून ठेवतं आणि काटा थबकतो. पुढे परत उतरतं. रोज काट्यावर उभं राहणं बंद करा, आठवड्यातून एकदा पुरे. वजन उतरण्याचा मुख्य काळ वर्ष-दीड वर्षाचा असतो.

मधुमेह कायमचा जातो?

काहींचा बरीच वर्षं औषधाशिवाय आटोक्यात राहतो, आणि बायपासमध्ये तर वजन उतरायच्या आधीच, दिवसांत साखर खाली येते. अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचल्याने तिथली हार्मोन्स वाढतात, हे त्याचं एक कारण. मधुमेह नवा असेल तर फायदा जास्त. दहा-पंधरा वर्षं जुना आणि इन्सुलिनवर असेल तर डोस कमी होईल, पण सुटका होईलच असं नाही. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि जुन्या डोसवर चालूही ठेवू नका. खाणं निम्म्याहून खाली आलेलं असताना जुनं इन्सुलिन घेतलं तर साखर धोकादायक खाली जाते.

एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार यांचं काय?

पहिलं वर्ष उपवास नको, आणि निर्जळी तर नकोच. नंतरही अडचण उपाशी राहण्याची कमी आणि उपवासाच्या पदार्थांची जास्त. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर तूप आणि शेंगदाण्याचं कूट. लहान जठरात दोन चमचे खिचडी मावते, आणि त्यात दिवसभराची प्रोटीनची जागा जाते. करायचाच असेल तर दूध, ताक, दही, पनीर, थोडा राजगिरा. बायपासवाल्यांनी प्रसादाचा शिरा आणि पेढा जपून घ्यावा. साखर भसकन आतड्यात उतरली की घाम, धडधड, पोटात मुरडा आणि जुलाब असा त्रास होतो, त्याला डंपिंग म्हणतात. प्रसाद कणभर घेतला तरी तो प्रसादच.

वारीला जाणारे विचारतात. पहिल्या वर्षी पूर्ण पायी नको. उन्हात चालताना लागेल तेवढं पाणी तुमचं जठर एका वेळी घेऊ शकत नाही.

लोकांना सांगायचं का? लग्नात आग्रह झाला तर?

तुमची मर्जी. २०११ मध्ये नितीन गडकरींच्या शस्त्रक्रियेची बातमी आली तेव्हापासून महाराष्ट्रात हा विषय घरोघरी माहीत आहे, तरी बायका अजून "थायरॉइडचं औषध बदललं" असंच सांगतात. समजू शकते. सुनेने पोट कापून घेतलं यावर गावभर चर्चा कुणाला हवी असते? पण घरात जो स्वयंपाक करतो त्याला आणि ऑफिसात जवळच्या एकाला माहीत हवं.

पंगतीत "पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बंदी घातली आहे" हे वाक्य पुरतं. ते खरंही आहे. "माझ्या नावाचा एक घास" म्हणत जिलबी तोंडाशी आणणाऱ्या आत्याला दुसरं कुठलंच उत्तर चालत नाही. आणि पानात टाकायचं नाही हा संस्कार असेल तर पानच घेऊ नका, वाटी घ्या.

गर्भधारणा?

साधारण १२ ते १८ महिने थांबा. वजन झपाट्याने उतरत असताना बाळाच्या पोषणाचे हाल होतात. गंमत अशी की पीसीओडी असलेल्यांची पाळी वजन उतरताच नियमित होते आणि "आपल्याला दिवस राहतच नाहीत" म्हणणाऱ्या बेसावध राहतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, दुसरं साधन वापरा. गरोदरपणात साखरेचं पाणी पिऊन करायची चाचणी बायपासवाल्यांना डंपिंगमुळे झेपत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना आधी सांगा.

दारू?

बायपासनंतर ती लवकर आणि जास्त चढते, उतरते उशिरा. खाण्यातलं सुख गेलं की त्या जागी दारू येऊन बसल्याची उदाहरणं आहेत, आणि ती सभ्य घरांतलीच आहेत. पहिलं वर्ष अजिबात नको.

कातडी लोंबते आहे.

वय आणि उतरलेलं वजन यांवर अवलंबून. व्यायामाने स्नायू भरतात, कातडी आत जात नाही. खटकतच असेल तर वजन स्थिर झाल्यावर, दीड-दोन वर्षांनी प्लास्टिक सर्जन.

वजन परत वाढतं म्हणे?

थोडं वाढतं, बहुतेकांचं. काहींचं बरंच वाढतं. जठर "परत मोठं झालं" हे कारण सगळे देतात, खरं कारण बहुधा फरसाणाच्या डब्यात सापडतं. पनीर-उसळ दोन घासांत पोट भरते, पण चिवडा, बिस्किटं, आइस्क्रीम, गोड चहा, ज्यूस हे विरघळून सरकून जातात आणि दिवसभर थोडं-थोडं पोटात जात राहतं. पाच किलो वाढले की या. पंचवीस वाढल्यावर शरमेने येत नाहीत, तिथेच गाडी घसरते. औषधं आहेत, गरज पडली तर दुसरी शस्त्रक्रियाही आहे.

आम्ही दुबईला असतो. सुट्टीत पुण्याला येऊन करून जावं का?

करता येतं, बरेचजण करतात. पण सुट्टी दहा दिवसांची असेल तर नको. लांबचा विमानप्रवास लगेच केला तर पायात गुठळीची भीती असते, आणि गळती पहिल्या आठवड्यानंतरही होऊ शकते. किमान तीन-चार आठवडे हाताशी ठेवा. परतल्यावर तिथे रक्ततपासण्या कोण करणार हे आधी ठरवा. ऑपरेशनचा पूर्ण अहवाल, म्हणजे कोणती पद्धत, किती आतडं वगळलं वगैरे, इंग्रजीत लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये ठेवा.

कधी वाट न पाहता थेट इस्पितळ गाठायचं?

पहिल्या महिन्यात: आराम करतानाही नाडी १२० च्या वर, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप लागणं, एका पोटरीला सूज, काळी किंवा रक्ताची शौच. यांतलं एक जरी असलं तरी रात्र काढू नका.

कधीही, वर्षांनंतरसुद्धा: बायपास झालेल्याला अचानक कळा येऊन पोट दुखायला लागलं तर आतडं आतल्या आत अडकलेलं असू शकतं. "गॅस झालाय" म्हणून ओवा खात बसू नका. सीटी स्कॅन लागतो, आणि गावच्या डॉक्टरांना बायपास झाल्याचं सांगितलं नाही तर ते सुचणार नाही.

आणि सतत उलट्या होत असतील, खाणं टिकत नसेल, त्यात डोळ्यांपुढे दोन-दोन दिसू लागलं किंवा चालताना झोक जाऊ लागला, तर ही बी-१ ची, म्हणजे थायमिनची, कमतरता असू शकते. सलाइन लावायला गेलात तर डॉक्टरांना आधी सांगा: वजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे, ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन द्या.